माळाची घोडी आणि विहिरीकडचं गवत

एका वाचक ताईंचं पत्र:

"सोलापूरजवळ बाळे गावाच्या पुढे आमचं अडीच एकर रान आहे, विहिरीला पाणी चांगलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत सासऱ्यांनी अकलूजच्या घोडेबाजारातून नातवंडांसाठी भीमथडी वळणाची घोडी आणली. नाव हरणी, वय अकरा-बारा. आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. आता येणारा-जाणारा म्हणतो, काय गुटगुटीत ठेवलीय! दिवसभर विहिरीकडच्या हिरव्या गवतात लांब दोरीने बांधलेली असते. सकाळी किलोभर भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा, संध्याकाळी उसाचं वाढं, उरलेल्या चपात्या, आणि मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हातचा गुळाचा खडा. मामांना शुगर आहे, त्यांना स्वतःला गूळ वर्ज्य. काम म्हणजे रविवारी मुलांची एक चक्कर. जूनच्या सुरुवातीला तीन-चार दिवस ती कडक जागेवर जपून पाय टाकत होती. खडा रुतला असेल म्हणून सोडून दिलं, ती बरीही झाली. गेल्या आठवड्यात नालबंद आले होते. म्हणाले, पुढच्या दोन्ही खुरांवर केसांच्या कडेपासून दोन बोटं खाली कडं उठलंय, टाचेकडे ते रुंद होत गेलंय. चरबीने पाय जातील, गवत बंद करा. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला उपाशी बांधून ठेवणं पाप आहे. तिला चरायला सोडू की नको? सोडायची तर किती?"

ताई, तुमचे नालबंद आणि तुमच्या सासूबाई, दोघंही खरं बोलतायत. हिरवं गवत आजपासून बंद करा. पण हरणीला एक दिवसही उपाशी ठेवू नका. आणि पुन्हा चरायचं का, तर हो, पुढे नक्की चरेल. फक्त वेळ, जागा आणि घास तुमच्या हातात राहतील, तिच्या नाही.

आधी त्या कड्याचं बोलतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. घोड्याचा खूर केसांच्या कडेपासून खाली वाढतो, महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटीमीटर. दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. तुम्ही ऑक्टोबरमध्ये लिहिताय. मागे मोजत गेलात तर चार-साडेचार महिने, म्हणजे मे संपता संपता किंवा जूनचा पहिला आठवडा. तुमची घोडी जपून पाय टाकत होती ते हेच दिवस. वळवाचा पाऊस पडून गेलेला, उन्हाने भाजलेल्या बांधांवर कोवळी हिरवळ फुटलेली, शाळांना सुट्टी, घरात मुलं आणि प्रत्येकाच्या हातात हरणीसाठी काहीतरी. तो खडा नव्हता, ताई. लॅमिनायटिसचा पहिला झटका होता तो. हलका होता म्हणून निभावलं. खुराने मात्र त्याची नोंद ठेवली आणि तुमच्या नालबंदांनी ती वाचली. असा नालबंद जपून ठेवा. दर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना बोलवा, घोडी कामावर जात नसली तरी.

लॅमिनायटिस म्हणजे काय, ते सासऱ्यांना समजावून सांगता येईल असं सांगतो. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. टांगणारे धागे म्हणजे पातळ पातळ पडदे: हाडाकडचे आणि भिंतीकडचे, चादरीच्या ताण्या-बाण्यासारखे एकमेकांत गुंतलेले. एका खुरात साडेपाचशे ते सहाशे मुख्य पडदे, आणि प्रत्येकाला पुन्हा बारीक उपपडदे. घोडीचं सगळं वजन या विणीवर पेललेलं असतं. वीण सैल पडली की हाड भिंतीपासून सुटायला लागतं, फिरतं किंवा खाली बसतं. मग उभं राहणं हीच शिक्षा होते. फार पुढे गेलेल्या दुखण्यात घोड्याला शांतपणे मरण देण्यापलीकडे वैद्याच्या हातात काही उरत नाही. मी हे घाबरवायला लिहीत नाही. हरणी आज त्या वाटेच्या अगदी सुरुवातीला उभी आहे आणि तिथून तिला मागे वळवता येतं.

लठ्ठ तट्टांमध्ये ही वीण सैल करतं ते इन्सुलिन. गोड आणि पिठूळ खाणं पोटात गेलं की रक्तात इन्सुलिन चढतं. निरोगी घोड्यात ते लगेच उतरतं. चरबी साठलेल्या, कामाविना उभ्या असलेल्या तट्टात ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त चढतं आणि तसंच राहतं. तेच त्या पडद्यांना ताणून कमकुवत करतं. मामांना हे चटकन कळेल, पण एक फरक त्यांना जरूर सांगा. माणसाची तपासतात तशी हरणीची नुसती साखर तपासली तर बहुधा ठीक येईल आणि सगळे निर्धास्त होतील. तपासायला हवं ते इन्सुलिन. डॉक्टरांकडे तीच तपासणी मागा, आणि पुढच्या दोन्ही पायांचा बाजूने एक्स-रे. हाड हललं आहे की नाही हे त्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. वयस्कर घोड्यात मेंदूतल्या एका ग्रंथीच्या बिघाडानेही हे दुखणं येतं. तिथे अंगावरचे केस लांब वाढतात आणि उन्हाळ्यातही गळत नाहीत. हरणीचं वय आणि तुमचं वर्णन पाहता मला तसं वाटत नाही, पण डॉक्टर केस पाहतीलच.

आता "गुटगुटीत" या शब्दाविषयी, कारण घात तिथे होतो. भीमथडी ही भीमेच्या खोऱ्यातली जात. मेंढरांच्या मागे फिरणाऱ्या धनगरांचा संसार पाठीवर घेऊन दिवसभर चालायचं, वाटेत माळावरची कुसळं आणि वाळकं गवत ओरबाडायचं, दुष्काळात त्याहूनही कमी. नान्नजकडचे माळ उन्हाळ्यात पाहिलेत ना? त्या जमिनीवर जगण्यासाठी घडलेलं हे शरीर आहे. मिळेल तो प्रत्येक घास साठवायचा, कारण पुढचा कधी मिळेल ठाऊक नाही, ही त्याची रीत. अशा जनावराला विहिरीकडचं हिरवं गवत बाराही महिने, वर हरभरा, वर वाढं दिलं तर ते साठवतच राहणार. दुष्काळ कधी येतच नाही आणि साठवण संपत नाही. यात हरणीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. तुम्ही प्रेमाने दिलंत. फक्त तिच्या जातीला मानवेल असं ते देणं नव्हतं.

जाड आहे की नाही, हे नजरेने ठरवू नका, हाताने पाहा. तळहात बरगड्यांवरून फिरवा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. मूठ न वळता हात पालथा धरून मागच्या हाडांवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं, तसं. दाबूनही लागत नसतील तर चरबी जास्त आहे. मग आयाळीखालची मान चिमटीत धरा. ती मऊ हलती असावी. कडक, एका बाजूला कललेली वाटली तर तो धोक्याचा बावटा. माझ्या अनुभवात पोटापेक्षा मान जास्त खरं बोलते. शेपटीच्या मुळाशी आणि खांद्यामागेही गाद्या साठतात. नोंद तुमच्या डोळ्यांवर सोपवू नका, रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

वजनासाठी काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, पाठीवरून घेतलेला छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, आणि ११,८८० ने भागा. आलेला आकडा म्हणजे किलोमधलं अंदाजे वजन. समजा घेर १५८ आणि लांबी १३४ आली, तर वजन साधारण २८२ किलो. दर रविवारी, मुलांच्या चक्करीआधी, एकाच वेळी मोजा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. हे काम मामांना द्या. का, ते पुढे सांगतो.

आता उपाशी न ठेवण्याबद्दल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लठ्ठ, गाभण घोडीला माझ्याकडे आणलं होतं. पाय गरम होते. मी सांगितलं, चार दिवस पाण्याशिवाय काही देऊ नका. मालकाने तंतोतंत ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती मान खाली घालून उभी राहिली, पाचव्या दिवशी समोर ठेवलेलं हिरवं गवतही तिने हुंगलं नाही. लठ्ठ तट्टाचं खाणं एकदम तोडलं की अंगातली चरबी रक्तात लोटते, रक्त दुधाळ होतं, यकृत चोंदतं, आणि मग भूकच मरते. ती घोडी वाचली नाही, पोटातलं शिंगरूही नाही. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला होता. म्हणून तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मी भावनेचं म्हणून बाजूला सारत नाही. ते वैद्यकाच्याही दृष्टीने बरोबर आहे. हरणी गाभण नाही ना, हे आधी पाहून घ्या. असेल तर पुढचं सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

काय बंद करायचं ते सोपं आहे: हरभरा, कोंडा, चपात्या, वाढं, गूळ. आजच्या आज. रविवारी दोन मुलांना घेऊन फिरणाऱ्या घोडीला दाण्याची गरज नसते. वाढ्याचं विशेष लक्ष ठेवा. आता गाळप सुरू होईल, गावोगाव ऊसतोड लागेल, वाढं स्वस्त होईल, कुणी फुकटही टाकून जाईल. आपल्या जिल्ह्यात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत वाढ्याचीच चंगळ असते. गाई-म्हशींना ते द्या. हरणीला एक पेंढीही नको. त्या कांड्याच्या शेंड्यातसुद्धा साखर असते.

मग तिने खायचं काय? वाळकं गवत, मोजून. दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा. २८२ किलोची घोडी धरली तर सव्वाचार किलो कोरडा अंश, म्हणजे वाळल्या गवतात थोडं पाणी असतंच ते धरून रोज ४.७ किलोच्या आसपास. गवत हवं फुलोरा येऊन बी झडायला लागल्यावर कापलेलं, काडीचं, पिवळसर, माळावरचं मारवेल-पवन्या मिळालं तर उत्तम. विहिरीकडचं तुमचं गवत कमरेएवढं झालं असेल. ते कापून शेजारच्या म्हशीला द्या. वाळवलं म्हणून कोवळ्या गवतातली साखर जात नाही.

चारा वजन करून पाण्यात बुडवा, तासभर ठेवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि ते पाणी फेकून द्या. चाऱ्यातली विरघळणारी साखर बरीच त्या पाण्याबरोबर जाते. परदेशी पुस्तकांत रात्रभर भिजवायला सांगतात. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात रात्रभर भिजलेला चारा आंबतो आणि पोटशूळ उठतो, म्हणून आपल्याकडे तासच. भिजवलेला चारा त्याच वेळी घाला, उरलेला दुपारी काढून टाका.

सोलापुरात चारा म्हटलं की कडबा, आणि मालदांडीचा कडबा म्हटलं की जनावरं उड्या मारतात. पण त्या उड्या कशासाठी, तर ज्वारीच्या ताटातल्या गोडव्यासाठी. कडबा द्यायचाच असेल तर कुट्टी करून, भिजवून, वाळक्या गवतात तिसऱ्या हिश्शापर्यंत. गव्हाचा भुसा फार बारीक असेल तर पोटात गच्च बसतो. काडी लांब असेल तर थोडा थोडा वाढवत तिसऱ्या हिश्शापर्यंत चालेल, आणि पाणी भरपूर हवं. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला कधीच नको. गाईगुरांना तिच्या कोवळ्या पोंग्यांनी किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे सगळ्यांना माहीत आहे. घोड्याला ती सतत चारली तर मागच्या पायांतली शक्ती आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, हे फारसं कुणाला माहीत नाही. नेपिअर, ज्याला आपण हत्ती गवत म्हणतो, तेही रोजचा चारा म्हणून नको. त्यातलं ऑक्झलेट घोड्याचा चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतं. जोडीला कोंडा असला तर त्यातल्या फॉस्फरसने हाडं आणखी पोकळ होतात.

आणि एक गोष्ट, जिच्यावर मी नेहमी आवाज चढवतो. गाईचं सुग्रास, युरिया-मळीची चाटण वीट, कोंबडीखाद्य यातलं काहीही घोडीच्या तोंडाला लागू देऊ नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. क्षार मिश्रण द्यायचं तर घोड्यासाठीचं, आणि रोज पंचवीस ग्रॅमभर साधं मीठ.

पावणेपाच किलो चारा म्हणजे घोडीला तीन-चार तासांचं खाणं, असं तुम्ही म्हणाल, आणि उरलेला दिवस ती काय करणार? खरी अडचण हीच आहे. घोड्याचं पोट लहान, त्यात आम्ल सतत झरत असतं. बारा तास रिकामं राहिलं तर आतून जखमा होतात, आणि भुकेजलेली घोडी लाकूड, माती, शेण जे मिळेल ते चावते. म्हणून घास संथ करायचे. बारीक भोकाच्या जाळ्यात चारा भरा, भोकं अडीच-तीन सेंटीमीटरची, एकात एक दोन जाळी घातली तरी चालेल. चार-पाच वेळांत वाटून द्या, आणि शेवटची जाळी रात्री झोपण्याआधी. रात्रच सगळ्यात लांब असते.

आता चराई. पहिले काही आठवडे हिरवं बंद. डॉक्टरांनी पाय पाहून होकार दिला, खूर गार असले, कडक जमिनीवर ती मोकळी चालत असली, की पहाटे सोडायला सुरुवात करा. पहाटेच का? गवत दिवसभर उन्हात साखर बनवतं आणि रात्री वाढीसाठी ती खर्च करतं. म्हणून पहाटे पानात साखर सगळ्यात कमी आणि दुपारी चार-पाचला सगळ्यात जास्त. तुम्ही आज नेमकं उलट करताय: सकाळी दाणा, आणि दिवसभर उन्हातलं गवत. साडेपाचला सोडा, आठच्या आत आणा. थंड देशातले लोक कडाक्याच्या थंडीत पहाटेची चराई टाळायला सांगतात, कारण तिथे दहिवर गोठतं, वाढ थांबते आणि साखर गवतात तशीच उरते. सोलापूरला तसं दहिवर गोठत नाही आणि आपल्या माळावरची गवतं त्यांच्या गवतांसारखं फ्रुक्टन, म्हणजे एका प्रकारची साखर, साठवत नाहीत. तो नियम आपल्याला लागू नाही. आपला धोका वेगळा: वळवानंतरची पहिली फूट, सप्टेंबरच्या पावसानंतरची भरघोस वाढ, आणि मधल्या उघडिपीत ताण बसून वाढ थांबलेलं गवत. पाण्याचा ताण बसला की गवत वाढत नाही, पण ऊन तर असतंच. साखर साठत जाते. त्यामुळे गवत सुकत चाललंय म्हणजे सोडायला हरकत नाही, असं समजू नका.

वेळ कमी केली म्हणजे भागलं, असंही नाही. हुशार असतात ही तट्टं. दोन-अडीच तासच मिळतात हे चार दिवसांत ओळखतात आणि मान वर न करता ओरबाडतात. दिवसभराच्या खाण्यातला मोठा वाटा तेवढ्यात उरकतात. यावर उपाय आपल्या शेतात आधीपासून आहे: मुसकी. कोळपताना बैलाने पीक खाऊ नये म्हणून बांधतो तीच. घोडीसाठी ती मऊ पट्ट्याची, नाकपुड्यांना मोकळी, आणि तळाला दहा रुपयांच्या नाण्याएवढं एकच भोक. त्यातून गवताची टोकं तेवढी येतात, पाणीही पिता येतं. गवत चार ते सहा बोटं उंच हवं. कमरेएवढं असलं तर आडवं पडतं, आणि जमिनीलगत कुरतडलेलं असलं तर तोंडात काहीच येत नाही. पहिले दिवस मुसकी लावून भोकातून तुम्हीच काडी काडी भरवा, म्हणजे तिला ती शिक्षा वाटणार नाही. नाकाची कातडी रोज पाहा, घासली असेल तर आतून मऊ कापड शिवा.

लांब दोरीने खुंट्याला बांधणं मात्र सोडाच. दोरीच्या आवाक्यातलं गवत ती बुडख्यापर्यंत खाते, आणि साखर बुडख्यातच जास्त असते. शिवाय ती चालत नाही, जागीच फिरते.

त्याऐवजी तुमच्या अडीच एकरात मी काय केलं असतं ते सांगतो. वारीत बाजीरावाच्या विहिरीजवळ रिंगण लागतं, मधे माणसं आणि भोवती अश्व धावायला मोकळी वाट. तसंच रिंगण रानाच्या कडेने काढा. आतल्या बाजूला कुंपण घालून आठ-दहा फुटांची पट्टी सोडा. कुंपणाला काटेरी तार नको, रुंद फीत वापरा; शेतात डुकरांसाठी झटका मशीन असेलच, तीच चालेल. घरच्या लाइनचा करंट कधीही जोडू नका. पट्टीतलं गवत काढून मुरूम पसरा. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला चाऱ्याची जाळी, मधे सावलीला कडुनिंब. दोन-तीन जाळ्या लांब लांब टांगा. चाऱ्याकडून पाण्याकडे आणि पाण्याकडून चाऱ्याकडे जाता जाता हरणी दिवसाला बरंच अंतर कापेल, कुणी न हाकता. तिच्या आईने, आजीने मेंढरांमागे हेच केलं असणार. आतलं रान मग तुमच्या पिकाला मोकळं.

व्यायाम पाय बरे असतील तरच. वीण सैल असताना चालवलं तर आणखी फाटते. "चालवली की मोकळी होईल" म्हणणाऱ्यांचं या दुखण्यात अजिबात ऐकू नका. डॉक्टरांचा होकार मिळाला की आधी मऊ मातीवर हाताने धरून पंधरा मिनिटं, मग वाढवत आठवड्यातले पाच दिवस अर्धा-पाऊण तास, पुढे दुडकी चाल. उन्हाच्या आधी. मुलांचा रविवार तूर्त खराऱ्यावर भागवा.

किती उतरवायचं? आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे दीड ते पावणेतीन किलो. त्याहून वेगाने उतरलं तर चारा वाढवा. तीन-चार आठवडे टेप जागची हलली नाही तर चारा स्वतःच्या मनाने कमी करत जाऊ नका, डॉक्टरांना विचारा.

राहिले मामा आणि गूळ. त्यांना स्वतःला मनाई झालेला गूळ ते हरणीला भरवतात, यात मला तुमच्या घरातली सगळ्यात हळवी गोष्ट दिसते. तो खडा त्यांच्या हातून हिसकावू नका. त्यांना बसवून, त्यांच्या शुगरच्या गोळ्यांची वेळ साधून, शांतपणे सांगा: मामा, तुम्हाला जे दुखणं आहे, त्याच्याच कुळातलं हिला लागतंय. ते समजतील, या घरात हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला समजणार नाही. गुळाऐवजी काकडीच्या दोन चकत्या द्यायला सांगा. आणि टेप त्यांच्या हाती द्या. रोज संध्याकाळी खुरांना हात लावून पाहण्याचं कामही त्यांचंच. घोडीलाही त्यांच्या हाताची सवय आहे, ती पाय उचलू देईल.

काय पाहायचं ते त्यांना असं शिकवा. खुराच्या वर, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली की बारीक नाडी लागते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. ती ठणठण उडत असेल, खूर तासन् तास गरम असेल, घोडी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत असेल, वळताना थबकत असेल, पुढचे पाय पुढे रोवून मागे रेलून उभी असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तिला हिरव्यावरून काढा आणि जिथे आहे तिथेच जवळ वाळूचा वीतभर थर घालून त्यावर उभी करा. खूर आणि घोट्यापर्यंतचा भाग बर्फाच्या पाण्यात ठेवा, बर्फ संपला की पुन्हा भरा. वाळका भिजवलेला चारा आणि पाणी समोर असू द्या. दुखण्याचं इंजेक्शन किंवा स्टेरॉइड कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. स्टेरॉइडने हे दुखणं भडकू शकतं. तुमच्या डॉक्टरांना फोन करा, ते लागले नाहीत तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनवर. एक्स-रे किंवा पुढचे उपचार इथे झाले नाहीत तर उदगीर किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाला आधी फोन करून विचारा, मगच गाडी ठरवा. आणि गाडीत चढवण्याआधी पायांना जाड गादी बांधल्याशिवाय तिला हलवू नका.

आज संध्याकाळी पहिलं मोजमाप घ्या. घेर, लांबी, मान मऊ की कडक, आणि त्या कड्याचं केसांपासूनचं अंतर. मला कळवा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत ते कडं आणखी अडीच-तीन सेंटीमीटर खाली सरकलेलं असेल, आणि त्याच्या वरचा नवा खूर सरळ, गुळगुळीत आलाय की नाही हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.